मोटारीला साडेबारा, भाकरीला पाच

नवं घर बांधायचं ठरलं की आपल्याकडं सर्वांत आधी ज्यांची सोय बघितली जाते, ती मंडळी त्या घरात राहणारच नसतात. पहिला मान पाहुण्यांचा. दुसरा रस्त्यानं येणाऱ्याजाणाऱ्यांचा, कारण घर दिसणार त्यांना. तिसरा पुण्यातल्या नाहीतर न्यू जर्सीतल्या चिरंजीवांचा, जे दिवाळीला चार दिवस येतात आणि त्यातले दोन सासुरवाडीला काढतात. मग मोटार. मग आठ दिशा आणि त्यांचे आठ मालक. एवढ्यांचं मन राखून झाल्यावर उरेल त्या जागेत घरची माणसं. आणि जिला तिथं रोज दोन वेळा भाकरी थापायची, तिला नकाशा दिसतो तो चहाचा ट्रे टेकवायला टेबलावर जागा करताना.

लातूरच्या एका घराचा असा नकाशा नुकताच बघायला मिळाला. जेवणाच्या टेबलावर पसरलेला, गुंडाळी होऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर लोणच्याची बरणी, अण्णांच्या चष्म्याचं घर, थोरल्या मुलाचा मोबाइल आणि पितळी तांब्या. प्लॉट तीस बाय चाळीस, म्हणजे बाराशे चौरस फूट. गुंठ्याहून शंभरेक फूट जास्त. कायम राहणार दोघं, सेवानिवृत्त मास्तर अण्णा आणि काकू. त्यांच्यासाठी दोन मजले, तीन बेडरूम, चार संडास, एक डबल हाइटचा हॉल. हॉल बारा बाय सोळा. स्वयंपाकघर आठ बाय नऊ.

‘काकू, किचन मॉड्युलर आहे बरं का,’ इंजिनियर म्हणाले.

‘ते झालं. पिठाचा डबा कुठं बसंल?’

‘ते सगळं इंटिरियरमध्ये येतं.’

हे वाक्य लक्षात ठेवा. घराच्या नकाशात ज्या ज्या गोष्टीचा विचार झालेला नसतो, ती इंटिरियरमध्ये येते. झाडू, सिलिंडर, चपलांचा ढीग, गाद्या, गहू-ज्वारीच्या कणग्या, रद्दी, उन्हाळ्यात माळ्यावरून काढायचा आणि पावसाळ्यात माळ्यावर टाकायचा कूलर, या सगळ्यांना इंटिरियर नावाच्या एका अज्ञात प्रदेशात जागा राखून ठेवलेली असते. तो प्रदेश अजून कुणी पाहिलेला नाही. पुढं कूलर हॉलमध्ये राहतो आणि कणग्या न्यू जर्सीतल्या चिरंजीवांच्या बेडरूममध्ये.

घराचा नकाशा म्हणजे लग्नातल्या मानपानाची यादी. कुणाला शालू, कुणाला टॉवेल-टोपी. फरक इतकाच, की लग्नातला रुसवा जेवणापर्यंत टिकतो आणि इथला आरसीसीत ओतलेला असतो. याद्या बघायच्या तर सरकारी कागदही बघा. राष्ट्रीय इमारत संहितेत स्वयंपाकघराचं किमान क्षेत्रफळ पाच चौरस मीटर धरलंय. मोटार उभी करायला अडीच बाय पाच मीटर जागा धरायची रीत आहे. म्हणजे झाले साडेबारा. मोटारीला साडेबारा आणि भाकरीला पाच. संहितेनं किमान सांगितलं, कमाल सांगितली नाही, हे खरंच. पण किमान म्हटलं की आपल्याकडं ते पुरेसं असं वाचतात, किमान वेतनासारखं.

लातुरात तर हा हिशेब एकदा उघड कोष्टकातच मांडला गेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फुटी भिंती आणि वर मातीचं माळवद, सगळं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. नंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली. नवी घरं तीन मापांची. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्यापुढच्या जमीनदाराला ७५०. सातबाऱ्यावर जमीन किती, तेवढं घर मोठं. चुलीवर भाकरी किती पडतात, यानं माप ठरलं नाही. आठ माणसांच्या भूमिहीनाला अडीचशे आणि म्हातारा-म्हातारीच्या मळेवाल्याला साडेसातशे, असंही त्या कोष्टकात बसत होतं. गावांची आखणी शहरी कॉलनीच्या धाटणीची, सरळ रस्ते आणि चौकटी चौकटी. लोकांनी काय केलं? घरापुढं पत्रे टाकले, ओसरी काढली, चूल बाहेर आणली. कागदावर नसलेलं घर त्यांनी हळूहळू कागदाबाहेर बांधलं.

इथं काही वाचकांचा गळा दाटून येईल. काय ती जुनी घरं! ढेलज, ओसरी, चौक, माजघर, भिंतीतलं बळद, मागं परस! जरा थांबा. ढेलजेत पाणी मागायला थांबणारा वाटसरू, ओसरीवर हिशेब लिहिणारा मालक आणि चौकात येणारं ऊन यांची वर्णनं आपण भरपूर वाचलीत. माजघरात ऊन येत होतं का, हे वर्णन करणाऱ्याला ठाऊक नसायचं, कारण तो ओसरीवर बसलेला असायचा. बाळंतिणीच्या खोलीला खिडकी नसे. न्हाणी अंधारी, चुलीचा धूर कौलाच्या नाहीतर माळवदाच्या सवण्यातून जाईल तेवढा जाई, बाकीचा बाईच्या डोळ्यांत. बैठकीची जागा प्रशस्त, चुलीची जागा उरलीसुरली. हा नकाशा दीडदोनशे वर्षांत बदलला असेल तर एवढाच, की बैठकीला आता हॉल म्हणतात आणि त्यात बैठक होत नाही. टीव्ही होतो.

वास्तुशास्त्राकडं येऊ. त्याला टाळून महाराष्ट्रात विटेवर वीट चढत नाही. देव ईशान्येला, चूल आग्नेयेला, कर्ता पुरुष नैऋत्येला, संडास वायव्येला, आणि मध्ये ब्रह्मस्थान मोकळं. मोठ्या वाड्यात हे जमायचं, मधला चौकच ब्रह्मस्थान. बाराशे फुटांत ब्रह्मस्थान मोकळं ठेवलं तर माणसांनी ब्रह्मलोकातच जायला हवं. चूल आग्नेयेला याला मात्र माझा विरोध नाही. आपल्याकडचा पावसाळी वारा बहुतेक पश्चिम-नैऋत्येकडून येतो. आग्नेयेची फोडणी तो बाहेरच्या बाहेर नेतो. आणि सकाळचं ऊन मिळतं ते निराळं. ज्यानं हे प्रथम सुचवलं त्यानं बहुधा स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं होतं.

पण नैऋत्येची मास्टर बेडरूम? लातूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी पश्चिमेची भिंत तापते, रात्री दहापर्यंत ती आत उष्णता सोडत बसते, आणि कर्ता पुरुष तिच्याशेजारी घर सांभाळत पडलेला असतो. जून उजाडला की त्याच भिंतीवर पाऊस आपटतो आणि कपाटामागं ओल धरते. घरातली सर्वांत तापणारी आणि सर्वांत आधी ओलावणारी खोली आपण सन्मानानं घराच्या धन्याला देतो, आणि मग त्यात एसी बसवतो. विजेचं बिल कोणत्या दिशेला ठेवायचं, याबद्दल शास्त्र गप्प आहे.

मुख्य दार उत्तरेला असावं, तिकडं कुबेर असतो, असा अण्णांना सल्ला मिळाला. उत्तम. पुण्यात १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया पडला. मुहूर्त काढणाऱ्यांची तेव्हा पुण्यात टंचाई नसावी. त्याचा मुख्य दिल्ली दरवाजा उत्तरेलाच आहे. १८१८ मध्ये कुबेरानं पत्ता बदलला आणि १८२८ मध्ये आतलं सगळं जळालं. दरवाजा अजून उत्तरेलाच आहे.

अण्णांचा प्लॉट दक्षिणमुखी, म्हणून तो स्वस्तात मिळाला. आता दार उत्तरेला हवं तर मागच्या पाच फुटी बोळातून घरात शिरावं लागेल. तोडगा निघाला: पुढचं दार ‘फक्त पाहुण्यांसाठी’. कुबेर मागून येईल.

स्वयंपाकघराबद्दल जगात एकदा फार नेटानं विचार झाला होता. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईनं जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक छोटं स्वयंपाकघर आखलं. रुंदी दोन मीटरही नाही, लांबी साडेतीनच्या आत. घड्याळ लावून कामं मोजली, पावलं मोजली, रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर अभ्यासलं. आज शोरूममध्ये जे मॉड्युलर म्हणून विकतात त्याची आजी ती. गंमत अशी, की हे करण्याआधी आपण कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाकही केला नव्हता, असं बाईंनीच पुढं सांगून टाकलं. चालेल. त्यांनी निदान मोजलं. आमच्या इंजिनियरांनी ओटा तीन फूट ठेवलाय, कारण ट्रॉल्या त्या मापाच्या मिळतात. काकूंची उंची चार फूट दहा इंच. ओट्यावर परात ठेवा. आता ज्वारीच्या पिठाचा उंडा मळायला आणि भाकरी थापायला जोर वरून खाली लागतो. पोळीवाल्या मुलखात एकवेळ निभलं असतं. इथं काकूंचा हात कोपराच्या वर येईल आणि पाचव्या भाकरीला खांदा बोलायला लागेल. मग काकू पाटावर उभ्या राहतील. देवघरातला पाट स्वयंपाकघरात येईल आणि देव जमिनीवर. तीन इंचांनी ओटा खाली घेतला असता तर देवांचीही गैरसोय टळली असती. पण ट्रॉल्या!

बेडरूमचा खेळ वेगळा. नकाशात पलंग नेहमी मावतो, कारण तो रेखाटणाऱ्यानं मावेल तेवढाच काढलेला असतो. खोली दहा बाय दहा म्हणा. गिलाव्यानं दोन्हीकडून थोडी खाल्ली, ते सोडून देऊ. खरा डबल बेड साडेसहा फूट लांब. उशाशी भिंत. उरले साडेतीन. पायथ्याशी कपाट, त्याची खोली दोन फूट. उरला दीड फूट, आणि कपाटाचं दार उघडायला लागतो पावणेदोन. म्हणजे साडी काढायची तर पलंगावर गुडघे टेकून कपाटाची प्रार्थना करायची. हे आपल्याला पलंग-कपाट घरात येईपर्यंत कळत नाही, कारण नकाशातल्या पलंगावर कुणी झोपून बघत नाही.

संडास चार. थोरल्याचं म्हणणं, ‘अण्णा, आता सगळीकडं अटॅच्डच असतं.’ असू दे. २०१६ च्या एप्रिलमध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर फोटो छापले. तेव्हा लातुरातल्या घराघरांतला सर्वांत महत्त्वाचा सदस्य होता पाण्याचा निळा ड्रम. नव्या नकाशात चार फ्लश आहेत आणि ड्रम ठेवायला एकही कोपरा नाही. ड्रम कुठं? बरोबर, इंटिरियरमध्ये.

चारांपैकी एक जिन्याखाली. जिन्याखालच्या संडासाला आपल्या वास्तुकलेत अढळ स्थान आहे. तिथं उभं राहता येत नाही आणि बसून उठताना स्लॅब कपाळमोक्ष करतो. तरी तो असतो, कारण ती जागा ‘वाया जात होती’. झाडू, बादल्या, सिलिंडर ज्या जागेत सुखानं राहिले असते, ती आपण माणसाच्या डोक्याला देतो.

आणि वर जायचा जिना. अण्णा अडुसष्टचे, काकूंचा एक गुडघा गेलेला. खालच्या मजल्यावर एक बेडरूम आहे, तिच्यावर लिहिलंय ‘गेस्ट’. मास्टर वर, नैऋत्येला, तापायला. मी विचारलं, खालची तुम्हीच का घेत नाही? अण्णा म्हणाले, ‘पाव्हण्यांना वर चढवायचं का?’ बरोबरच आहे. वर्षातून दोनदा येणाऱ्या साडूच्या गुडघ्यांची काळजी घ्यायला नको? खालच्या न्हाणीघराचं दार सव्वादोन फुटी. चाकाची खुर्चीही साधारण तेवढीच रुंद असते. चौकट धरली की ती दारातच अडणार. यावर घरात कुणी बोललं नाही. अशुभ बोलू नये म्हणतात. पंचवीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते मात्र सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं मोजले.

डबल हाइटचा हॉल ही थोरल्याची हौस. वीस फूट उंच छत, त्याला लांब दांडीचा पंखा, वर कोळ्याचं साम्राज्य. दिवा गेला की वायरमनला शिडीसकट बोलवा. त्या उंचीसाठी वरच्या मजल्यावरची एक अख्खी खोली हवेत सोडलीय. शिवाय खाली केलेली फोडणी आता वरच्या बेडरूमपर्यंत विनासायास पोचेल. काकूंना त्यातला एक फायदा दिसला: ‘वर झोपलेल्याला हाक मारायला बरं.’

थ्रीडी चित्रही आलं. निळंभोर आकाश, खजुराची झाडं, गेटपाशी लाल मोटार आणि तिच्या बाजूनं चाललेली एक परदेशी बाई. ती कोण, हे कुणालाच माहीत नाही. ती सगळ्याच घरांच्या चित्रांतून चालत असते. बाल्कनीला काच. काकूंनी विचारलं, धुणं कुठं वाळत घालायचं? पुढच्या बाल्कनीत नाही, एलिव्हेशन बिघडतं. गच्चीवर घाला. गुडघ्याला दोन मजले चढवून, ओल्या चादरींची बादली घेऊन. सगळ्या महाराष्ट्रात रोज सकाळी जे काम होतं, त्याला कुठल्याच नकाशात दोरीएवढीही जागा नसते.

पुढचा प्रसंग प्लॉटवरचा. मिस्त्रीनं दोरी ताणली, फक्की टाकली, पांढऱ्या रेघांच्या खोल्या जमिनीवर उमटल्या. नकाशावर महाल वाटलेलं घर उघड्या आभाळाखाली एवढंसं झालं. ‘एवढीच?’ अण्णा किचनच्या रेघांत उभे राहून म्हणाले. मिस्त्री अनुभवी. ‘भिंती चढल्या की मोठं दिसतंय, मास्तर.’ खरं आहे ते. उघड्यावर आखलेली खोली नेहमी लहान दिसते. पण काकू पहिल्यांदाच त्या घरात शिरल्या होत्या. त्या रेघांवरून चालल्या. ओट्याच्या जागी उभ्या राहिल्या, वळल्या, फ्रिजकडं हात नेला, सिंककडं गेल्या, परत आल्या. हवेतलं झाकण हवेत ठेवलं. मग म्हणाल्या, ‘फ्रिजचं दार उघडलं तर मला भाईर जावं लागंल.’

सगळे गप्प. टेबलावरच्या कागदावर पाच जणांना जे दिसलं नव्हतं, ते फक्कीवर एका मिनिटात दिसलं. इंजिनियरांनी फुटपट्टी काढली, मान हलवली, ‘पॉइंट आहे’ म्हणाले. हॉलची भिंत दोन फूट पुढं सरकवता आली असती. फक्कीच ती, पायानं पुसून नव्यानं टाकायची; खर्च शून्य. पण मग एल आकाराचा सोफा बसत नव्हता. सोफ्याचा ॲडव्हान्स दिलेला होता.

फ्रिज हॉलमध्ये आला.

बांधकाम सुरू झालं तसं घर कागदाबाहेर सांडायला लागलं. बाजूला सोडलेलं सामासिक अंतर हवा-उजेडासाठी असतं, असं नियम म्हणतो. तिथं आधी धुण्याचा दगड आला. मग सिलिंडर. मग काकूंनी हळूच एक साधी शेगडी ठेवली, खाली बसून भाकरी थापता येईल अशी. ऊन लागतं म्हणून पत्रा आला, पाऊस लागतो म्हणून पत्र्याला पन्हळ आली. निळा ड्रम तिथंच. दोरीही तिथंच. बाजूच्या पाच फुटी बोळात, नकाशात नसलेल्या जागेत, इंजिनियरच्या फीबाहेर, काकूंचं घर उभं राहिलं. मॉड्युलर किचन कोरंकरकरीत आहे. पाहुणे आले की ट्रॉल्या उघडून दाखवतात. त्या आवाज न करता बंद होतात.

वास्तुशांत थाटात झाली. न्यू जर्सीवाले व्हिडिओवरून हजर. त्यांची खोली त्यांना सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवली. कणग्या कॅमेऱ्यात येऊ दिल्या नाहीत. तीनशे पानं जेवणार होती, म्हणून मांडव शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर. आचारी आला, घराकडं बघितलंही नाही. कढया खाली ठेवल्या आणि विचारलं, ‘वारा कुठून येतोय, सावली कुठं पडती, पाण्याचा नळ कुठाय?’ गुरुजी ईशान्य-आग्नेय सांगायला पुढं झाले, तोवर त्यानं तीन दगड मांडून चूल पेटवली होती.